आत्यांनी तिसरा भाग घेतला नाही

आत्या पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा मला वाटलं, नातवासाठी काहीतरी न्यायला आल्या असतील. गेमच्या दुकानात पन्नाशी ओलांडलेली बाई शिरली की कुणालाही तसंच वाटेल. मी आपला गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम पुढे केला आणि म्हटलं, "हा न्या, मुलांना फार आवडतो."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि काउंटरवर ठेवला.

"मुलांना आवडत असेल. मला एवढं सांगा, चौथ्या बंदराच्या आधी ते वादळ येतं, त्यातून जहाज बाहेर कसं काढायचं? तीनदा बुडाले मी."

वादळातून जहाज कसं काढायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. मी गेम विकतो, खेळतो कमी. त्या दिवशी दुकानात बसलेल्या एका गिऱ्हाइकानं त्यांना सांगितलं की वादळात शिडं उतरवायची नसतात, अर्धीच ठेवायची. आत्यांनी मान हलवली, "अर्धी! बरोबर," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या ते फक्त "निघालं" एवढं सांगायला.

आत्या हे काही त्यांचं नाव नाही. त्यांची भाची त्यांना आत्या म्हणायची, तिचं ऐकून मी म्हणायला लागलो, आणि माझं ऐकून दुकानात येणारं प्रत्येक जण. आमच्या चौकापलीकडे एक मोठं हॉटेल आहे. त्याच्या तळघरात कपडे धुण्याचा विभाग आहे, तिथे त्या इस्त्रीवर होत्या. तिथली इस्त्री म्हणजे हातातली नव्हे, खोलीभर लांबीचा तापलेला रोलर. एका बाजूनं दोघींनी ओली चादर ताणून आत सोडायची, दुसऱ्या बाजूनं ती कोरडी, कडक होऊन बाहेर येते, ती दोघींनी धरून घडी घालायची. चादरी, अभ्रे, टेबलावरची कापडं, पुन्हा चादरी. खिडकी नाही. उजवा खांदा कायमचा दुखरा. आत्या म्हणायच्या, "दिवसभर पांढरंच पांढरं बघते हो. संध्याकाळी डोळ्यांना समुद्र लागतो."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "राहून गेलं. गॅसवर दूध ठेवायचं राहून जातं ना, तसं."

समुद्राचं वेड त्यांना भाचीनं लावलं. ही त्यांच्या भावाची मुलगी. शिकायला म्हणून आत्यांच्या दोन खोल्यांत राहायला आली आणि येताना माझ्याच दुकानातून टीव्हीला जोडून गेम खेळायचं एक सेकंडहँड मशीन घेऊन गेली. मशीनबरोबर मी तिला 'सात बंदरं' नावाचा गेम दिला. एक लहानसं मालवाहू जहाज, सात बंदरं, आणि दोघांनी मिळून खेळायचं. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं शिडं आणि माल सांभाळायचा. आत्या आधी नुसत्या मागे बसून भाजी निवडायच्या. मग निवडता निवडता "अगं, डावीकडे खडक आहे, दिसत नाही का तुला?" असं ओरडायला लागल्या. मग एक दिवस भाजी बाजूला ठेवून त्यांनी दुसरा रिमोट उचलला, तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. पहिला भाग संपला, दुसरा संपला. भाचीचं शिक्षण संपलं. तिला लांबच्या शहरात नोकरी लागली, तिथेच लग्न झालं. मशीन ती आत्यांकडेच ठेवून गेली.

तिसरा भाग येणार, येणार असं कंपनी वर्षानुवर्षं सांगत होती. शेवटी बातमी आली, आणि बातमीत अशी एक गोष्ट होती की मी आत्यांची वाटच बघत बसलो. त्या दुकानात आल्या आल्या मी त्यांना स्टूल दिलं.

"आत्या, या भागात दोघांनी एकाच खोलीत बसायची गरज नाही. एक जण या गावात, दुसरा त्या गावात. जहाज एकच."

"म्हणजे ती तिथे आणि मी इथे?"

"हो."

"आणि बोलता येतं?"

"येतं. कानाला लावून."

आत्या पदरानं उगाचच काउंटरची कड पुसून म्हणाल्या, "येऊ दे तर मग."

पुढे किंमत जाहीर झाली. ती सांगताना माझीच जीभ अडखळली. दुसऱ्या भागाच्या जवळजवळ दुप्पट. आत्यांच्या पगाराचा चौथा हिस्सा एका गेममध्ये जाणार होता, आणि दोघींनी एकत्र खेळायचं तर दोघींनी वेगवेगळा घ्यायचा. एकीचा दुसरीला चालणार नाही.

"बरं," आत्या म्हणाल्या, "खेळून झाला की तुम्ही परत घ्याल ना? मागचे दोन्ही घेतलेत तसे."

"नाही घेता येणार. या वेळी डब्यात डिस्क नाही."

"मग काय आहे?"

"एक कागद. त्यावर नंबर. तो मशीनमध्ये घातला की गेम उतरतो. एकदा घातला की संपलं, तो नंबर दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही."

"शेजारणीला खेळायला दिला तर?"

"देता येत नाही."

"मग डबा कशाला करतात?"

मला त्या डब्याचा वेगळाच घोर होता. माझं अर्धं दुकान जुन्या डिस्कांवर चालायचं. लोक खेळलेला गेम आणून द्यायचे, मी तो स्वस्तात पुढे विकायचो. कागदाचा तुकडा कोण परत आणून देणार?

"लूट आहे नुसती," आत्या म्हणाल्या आणि गेल्या.

आत्यांच्या वरच्या मजल्यावर एक भाडेकरू होता, तिशीतला, एकटा. जिन्यात भेटला की हसायचा, पण काय करतो ते कुणाला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात जिन्यात त्याची गाठ पडली तेव्हा आत्यांच्या डोक्यात तीच किंमत घोळत होती. कुणाजवळ तरी ओकायची म्हणून त्यांनी ती त्याच्याजवळ ओकली. तो अवघडून उभा राहिला.

"आत्या, त्या गेममध्ये मीही आहे," तो म्हणाला.

"तू? त्यात? काय करतोस?"

"झुडपं."

"झुडपं?"

"किनाऱ्यावरची. आणि थोडे दगड. जहाजं, माणसं मोठ्या ऑफिसात करतात. झाडझाडोरा आमच्याकडे येतो. आमचा अख्खा मजला तेच करतो, तीन वर्षं झाली."

आत्या हसत सुटल्या. तिथल्या तिथे त्याचं नाव झुडूपराव पडलं. पण झुडूपराव हसण्यावारी नेणाऱ्यातला नव्हता. त्यानं त्यांना खाली बसवलं आणि स्वतः दोन पायऱ्या वर बसून हिशेब मांडला. "घरभाडं वाढलं, दूध वाढलं, बसचं तिकीट वाढलं. गेमची किंमत कित्येक वर्षं होती तिथेच होती. तुमचा पहिला भाग मूठभर लोकांनी केला होता. यावर शेकडो लोक बसलेत. एक लाट कशी फुटते त्यावर माणसं महिनेच्या महिने घालवतात, आत्या. आणि सिनेमाला जाता तेव्हा तिकीट काढून दोन तासांत बाहेर येता. दुसऱ्या भागात तुम्ही किती दिवस होतात?"

"वर्षभर असेन," आत्यांनी कबूल केलं.

"मग?"

आत्यांना हिशेब पटला. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि असं काही सांगताना त्या लपवाछपवी करत नसत. "पोरगं बरोबर बोलत होतं, भाऊ. आमच्या हॉटेलात नाही का, खोलीचं भाडं ऐकून लोक डोळे पांढरे करतात. पण चादर कडक करायला खाली कुणीतरी उभं असतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मीही तसलंच केलं. घेणार मी. झुडपं फुकट उगवत नाहीत."

मग त्यांनी सुट्टीच्या दिवशीही कामावर जायला सुरुवात केली. खांद्याला पट्टा बांधून जायच्या. मी म्हटलं, हप्त्यानं द्या, माझी हरकत नाही. तर म्हणाल्या, "गेम उधारीवर खेळला तर समुद्र गोड लागत नाही."

गेम बाजारात येण्याचा दिवस उजाडला. कंपनीनं माझं दुकान सजवलं होतं. दारात पुठ्ठ्याचा पुरुषभर उंचीचा कप्तान उभा केला होता, वरती पताका. कंपनीची एक बाई माइक घेऊन आली होती, बरोबर कॅमेरावाला. रांग चष्म्याच्या दुकानापर्यंत गेली होती. रांगेतल्या लोकांना विचारायचं, कसं वाटतंय, आणि त्यांनी म्हणायचं, भारी वाटतंय. असा सगळा बेत होता.

आत्यांनी त्या दिवशी रजा काढली होती. चांगली साडी नेसून, पैसे रुमालात बांधून त्या घरातून निघाल्या, तर झुडूपराव जिन्यात बसलेला. कामाचा दिवस, ऑफिसची वेळ, आणि हा घरातल्या चपला घालून पायरीवर.

"बरं नाही का रे?"

"काढलं," तो म्हणाला. "काल संध्याकाळी. आमचा सगळा मजला."

"आज तर गेम येतोय!"

"म्हणूनच. झाला ना तयार. आता झुडपं नकोत."

आत्या त्याच्या शेजारी टेकल्या. त्यांनी विचारलं, "नाव तरी आहे ना? गेमच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात. मी बसून वाचते ती, भाची हसायची मला."

"आमच्या ऑफिसचं आहे. एक ओळ. माणसांची नाहीत."

आत्या तिथून उठून सरळ रांगेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं मला कळायला मार्ग नव्हता. मी लांबून हात केला, त्यांनी नुसती मान हलवली. रांग सरकत सरकत त्या काउंटरपाशी आल्या. मी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेला डबा समोर ठेवला. तेवढ्यात कंपनीच्या बाईनं त्यांना हेरलं. असं गिऱ्हाईक कॅमेऱ्यासाठी तिला सोन्यासारखं वाटलं असणार.

"आजी, तुम्हीसुद्धा! कसं वाटतंय?"

"महाग वाटतंय," आत्या म्हणाल्या.

रांगेत हशा पिकला. बाईही हसली. "पण चांगली गोष्ट थोडी महाग असणारच ना?"

"असू दे की. मी द्यायला आले होते." त्यांनी रुमाल वर धरला. "हे बघा, पूर्ण आहेत. एक पैसा कमी नाही. मला वाटलं होतं, किंमत वाढली ती करणाऱ्यांसाठी वाढली. तर या गेममधली झुडपं करणारा माणूस आत्ता माझ्या जिन्यात बसलाय. काल काढलं त्याला. अख्खा मजला काढला. नावसुद्धा ठेवलं नाही त्यांचं. तर मला एवढंच सांगा ताई, माझ्याकडून जे जास्तीचे घेताय ते जातात कुणाकडे? सांगा, मी आत्ता घेते."

बाईचं हसू तसंच राहिलं, पण डोळे कॅमेरावाल्याकडे गेले. "त्याबद्दल मला काही... ते वरच्या पातळीवरचं असतं, आजी."

"मग वर विचारून या. मी कुठे पळून जात नाही, समोरच्या हॉटेलात तळघरात असते. पण तोवर नाही घेणार." मग त्या रांगेकडे वळल्या. "तुम्ही घ्या बाबांनो, मी कुणाचा हात धरत नाही. मी माझ्यापुरतं बोलले."

आणि रुमाल कमरेला खोचून त्या निघून गेल्या.

रांगेतले दोघं-तिघं त्यांच्या मागोमाग गेले. बाकीच्यांनी घेतला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझा धंदा झकास झाला, आणि संध्याकाळी गल्ला बंद करताना मला जरा कसंसंच वाटलं.

कंपनीनं ते चित्रण अर्थातच दाखवलं नाही. पण रांगेतल्या कुणीतरी फोनवर टिपलं होतं, ते गावभर झालं. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी लिहिलं, म्हातारपणी हरिनाम घ्यायचं सोडून गेम कसले खेळता. सगळ्यात जास्त लोकांनी लिहिलं, परवडत नसेल तर खेळू नये. ते वाचून मात्र आत्या खवळल्या. माझ्या काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, "परवडत नाही असं मी म्हटलं कधी? परवडत होतं! खांदा मोडून परवडवलं होतं. घेणार नाही म्हटलं. या दोन्हींतला फरक कळत नाही लोकांना?"

आठवड्याभरात कंपनीची बाई पुन्हा आली, या वेळी कॅमेऱ्याशिवाय. आत्यांना भेटायचं म्हणाली, म्हणून मीच निरोप पाठवला. काम सुटल्यावर आत्या आल्या. बाईनं पिशवीतून नवं कोरं मशीन काढलं, त्यावर गेमचे दोन डबे ठेवले. भाचीबद्दल तिनं कुठून ऐकलं होतं कोण जाणे. माझ्याकडूनच ऐकलं असेल, मी बोलका माणूस.

"हे तुम्हा दोघींना आमच्याकडून भेट," ती म्हणाली. "तुम्ही फक्त खेळताना एक छोटा व्हिडिओ करू द्या. गेम आवडला, एवढंच म्हणायचं. आवडेलच तुम्हाला."

"आवडेल की. न आवडायला काय झालं? झुडूपरावाचा हात आहे त्याला." आत्यांनी डब्यावरच्या जहाजाच्या चित्रावरून बोट फिरवलं. त्यांना तो हवा होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. "त्या मजल्यावरच्या लोकांची नावं घाला शेवटी. त्यांना परत बोलवा असं म्हणत नाही, ते तुमच्या-माझ्या हातात नाही. नुसती नावं. मग मी विकत घेते, पूर्ण किंमत मोजून. भेट नको."

"आजी, ते माझ्या हातात नाही."

"मग माझं तोंडही तुमच्या हातात नाही."

बाई वाईट नव्हती. उठताना ती हळूच म्हणाली, "मलाही सहा महिन्यांचंच काम आहे हो." आत्यांनी तिला बसवून चहा पाजला. मशीन मात्र परत न्यायला लावलं.

खरा घाव बसला तो दुसरीकडून. भाचीनं पहिल्याच दिवशी तिचा गेम घेतला होता. पहिल्या बंदरावर जहाज लावून ती आत्यांची वाट बघत बसली होती. आत्या आल्या नाहीत, फोन आला. भाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी घेऊन देते तुला. आत्ता. पैशांचं मी बघते."

"पैशांचा प्रश्न नाही गं."

"मग कसला आहे? किती वर्षं बोलतोय आपण या गेमबद्दल! तुला अख्ख्या कंपनीला सरळ करायचंय, चांगलं आहे. पण मी तुझ्यासाठी थांबले होते, त्याचं काय?"

भाचीनं फोन ठेवला. पुढे महिना दीड महिना तिचे फोन आले ते कामापुरते, तब्येत विचारण्यापुरते. जहाजावर तिनं नवऱ्याला घेतलं. आत्या दुकानात येऊन स्टुलावर बसायच्या आणि शेल्फाकडे बघत राहायच्या. एकदा मी म्हटलं, "आत्या, एवढं काय धरून बसायचं? घ्या ना. कुणी काही म्हणणार नाही."

"मी म्हणेन ना," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण म्हणायला हवं?"

पण नुसतं बसून राहायचा त्यांचा स्वभाव नव्हता. एक दिवस त्यांनी माझ्या मागच्या खोलीत डोकावलं. तिथे जुन्या डिस्कांचे ढीग पडले होते. "हे कुजवत कशाला ठेवलंय? ज्याला नवे महाग पडतात त्यानं आपला एक आणून ठेवावा, इथला एक घेऊन जावा. तुम्हाला थोडे पैसे द्यावेत जागेचे." आम्ही दोघांनी मिळून ढीग पुसून काढले, पुढच्या भिंतीला दोन फळ्या ठोकल्या. लोक यायला लागले. नवे गेम घेणारेही येतच होते, पण फळ्यांपाशी लोक रेंगाळायचे, एकमेकांना सांगायचे, हा घे, तो टाकाऊ आहे. वितरकाचा मला फोन आला. नव्या मालाशेजारी जुना ठेवलेला कंपनीला आवडत नाही, पुढच्या वेळी सजावट मिळणार नाही. मी आयुष्यात कधी कुणाला उलट बोललो नाही. त्या दिवशी म्हटलं, "तुमचा पुठ्ठ्याचा कप्तान दाराशी उभा आहे, येऊन घेऊन जा. वाट अडवतोय." फोन ठेवल्यावर मजा आली.

वर्षाअखेरीस भाची सुट्टीवर आली. राग अजून आहे असं सांगून आली, पण येताना स्वतःचं मशीन बॅगेत घालून आली. वायर तेवढी विसरली, म्हणून ती द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. आत्या खिडकीत बसून बटण लावत होत्या, पडद्याकडे पाठ करून.

"तू खेळू नकोस," भाची म्हणाली, "नुसती बघ. बघण्यानं तुझी शपथ मोडत नाही."

"शपथ कसली? मी काही देवापुढे उभी नव्हते राहिले." पण त्या वळल्या.

जहाज बंदरातून निघालं. खरंच सुंदर होतं हो. पाणी असं की खोलीत गार वाटावं. आत्यांच्या हातातलं बटण हातातच राहिलं. जहाज किनाऱ्याजवळून जाऊ लागलं तशा त्या एकदम म्हणाल्या, "थांब, थांब. नांगर टाक. त्याला बोलाव खाली."

भाची वरती जाऊन झुडूपरावाला घेऊन आली. तो दारातच थबकला. पडद्यावर किनारा होता, वाऱ्यावर झुडपं हलत होती.

"असं दिसतं होय," तो म्हणाला.

"म्हणजे? तू बघितलं नाहीस?" भाचीनं विचारलं.

"आम्हाला तुकडे तुकडे दिसायचे. पूर्ण झाल्यावर... मी घेतला नाही. नोकरी नव्हती ना. एवढा महाग कुठून घेणार?"

भाचीनं उठून त्याला आपली जागा दिली, रिमोट त्याच्या हातात दिला. त्याला जहाज नीट चालवता येत नव्हतं, दोनदा खडकाला घासलं. पण तो किनाऱ्या किनाऱ्यानं हळूहळू नेऊ लागला आणि बोटानं दाखवू लागला. "हे माझं. हे पिवळं फूल आहे ते पण. ते वाकलेलं नाही, ते माझ्या शेजारी बसायची तिचं. ती आता शाळेत शिकवते. तो दगड आमच्या म्हाताऱ्या साहेबांचा, त्यांना दगडांशिवाय काही जमायचं नाही, पण दगड काय करायचे!" प्रत्येकाचं तो नाव सांगायचा, आणि आत्या ते नाव मोठ्यानं पुन्हा म्हणायच्या. भाची आधी हसली, मग तीही म्हणायला लागली. अख्खं बेट फिरून होईपर्यंत चहा गार झाला होता.

त्या दिवसानंतर भाचीचा राग गेला असं मी म्हणणार नाही. तिला आजही वाटतं की आत्यांनी तेव्हा घ्यायला हवा होता, आणि ती तसं तोंडावर बोलून दाखवते. पण फोन पुन्हा लांबलचक व्हायला लागले. आणि तिनं आत्यांना हेही सांगून टाकलं की नवऱ्याला शिडांतलं ओ की ठो कळत नाही.

पुढल्या वर्षी तिसऱ्या भागाची किंमत निम्म्यावर आली. मी आत्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्या रोलरवरून नुकत्याच सुटल्या होत्या, चेहरा लाल झालेला.

"किंमत उतरली," त्या म्हणाल्या. "नावं चढली का?"

"नाही."

"मग कशाला आलात एवढे जिने उतरून?"

झुडूपरावानं त्याच्या मजल्यावरच्या तिघांना गोळा करून स्वतःचा एक लहान गेम करायला घेतला होता. जळून गेलेल्या डोंगरावर दोघांनी मिळून पुन्हा झाडं लावायची, एवढाच खेळ. तयार झाला तेव्हा किंमत ठरवायला तो आत्यांकडे आला, आणि आत्या त्याला घेऊन माझ्याकडे. त्यानं भीत भीत एक आकडा सांगितला.

आत्या उखडल्या. "एवढ्यात चौघं जेवणार कसे?"

"जास्त ठेवली तर लोक महाग म्हणतील."

"म्हणू देत. मीसुद्धा म्हणेन. महाग म्हणणं हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे. तू त्यांना सांग पैसे कुठे जातात ते, नावं घाल, मग बघू कोण घेत नाही. वाढव!"

त्यानं थोडी वाढवली. आत्यांनी आणखी थोडी वाढवायला लावली. मग मी मध्ये पडलो आणि म्हटलं, आता पुरे, मला विकायचाय तो. शेवटी जो आकडा ठरला तो त्यांच्या दृष्टीनं कमी होता, माझ्या दृष्टीनं जास्त, आणि झुडूपराव नुसता घाम पुसत होता.

आत्यांनी दोन घेतले, एक स्वतःला आणि एक भाचीला. घासाघीस न करता पैसे मोजले. चारच दिवसांत त्या तरातरा दुकानात आल्या.

"भाऊ, कुठे आहे तो? दुसऱ्या उताराला रोप लावलं की खेळातली आमची बाई हवेत उडते! तिकडे भाचीचीही उडते. आम्ही दोघी काल वरतीच तरंगत होतो."

मी म्हटलं, नवीन पोरं आहेत, चूक राहिली असेल, सांभाळून घ्या.

"का म्हणून?" आत्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "पूर्ण किंमत मोजलीये मी. बोलवा त्याला."